दोडक्याचे कोवळे दोडके पिवळे पडून गळतात? माझा अनुभव

कोल्हापुरात नदीकाठच्या आमच्या रानात घरापुरता भाजीपाला करतो. मांडवावर दोडक्याचा वेल जोमात, फुलं भरपूर; पण बोटाएवढा दोडका टोकाकडून पिवळा पडायचा आणि गळायचा. खत, सूक्ष्म अन्नद्रव्यं, निंबोळी अर्क सगळं झालं. जीव अगदी मेटाकुटीला आला.

कारण परागीभवनाचं निघालं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्यासारखं सकाळी नाही. त्यात श्रावणातल्या झडीत कीटक फिरकत नाहीत.

मग असं केलं. पाचनंतर फुलं पूर्ण उमलू दिली. लांब दांड्यावर झुपक्यानं येतात ती नर फुलं. मादी फूल एकटं, मागं इवलासा शिरांचा दोडका असलेलं. ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढल्या, बोटाला पिवळी पूड लागते का पाहिलं (भिजलेलं असेल तर सोडून द्या) आणि मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून अलगद फिरवलं. मग देठाला सैल दोरा, म्हणजे कुठलं झालं ते कळतं.

दोरा बांधलेले दोडके टिकले. साधारण आठ-दहा दिवसांत, शिरा कोवळ्या असतानाच तोडा. उशीर झाला की आत जाळी धरते.