नाशिकच्या द्राक्षबागांतून सायकल चालवताना

दिंडोरी-निफाडकडे, कादवा-गोदावरीच्या काठाने माउंटन बाइक काढायची तर चढाची नाही, बाभळीच्या काट्यांची धास्ती घ्या. बांधावरची बाभूळ छाटली की फांद्या पाणंदीतच पडून राहतात. ट्यूबलेस टायर असेल तर काटा उपसा, भोक खाली येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबा. टायरमधलं सीलंट (चिकट द्रव) भोक बुजवतं. मात्र उन्हाळ्यात ते सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासा. साधी ट्यूब असेल आणि हवा हळूहळू जात असेल, तर काटा उपटू नका, सावली गाठा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. मोडलेलं टोक आतच राहतं आणि दुसरी ट्यूबही जाते (मी एकदा तीन घालवल्या!).

पावसानंतर काळ्या मातीत शिरूच नका. चिखल फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दांड्यांत) गच्च बसला की पेडल रेटू नका, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मोडतो. सायकल उचला, काटकीने माती काढा.

जानेवारी ते मार्च काढणीचे दिवस, पाणंदीत ट्रॅक्टर असतात. त्यांना आधी जाऊ द्या. बागेत फवारणी चालू दिसली तर सरळ वाट बदला. आणि घड तोडायचा मोह झालाच, तर आधी मालकाला विचारा.