पट्ट्यांच्या ॲल्युमिनियम फ्रेममध्ये पोस्टरला लाटा आल्या तर

ए२ पोस्टर (४२० × ५९४ मिमी) पावसाळ्यात मधोमध फुगलं. कारण साधं: कागद चारही कडांना चिकटवलेला होता. दमट हवेत तो वाढतो आणि सरकायला जागा नसेल तर उचलला जातो.

मागच्या स्प्रिंग क्लिपा काढल्या, खालच्या पट्टीच्या दोन्ही कोपऱ्यांतले स्क्रू सैल केले (पूर्ण काढू नयेत, हमखास हरवतात) आणि पट्टी ओढून घेतली. जुनी टेप सोडवून आता फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेप लावली. बाकीच्या कडा मोकळ्या, बाजूंना आणि खाली २-३ मिमी फट. पुठ्ठा ओल धरतो, म्हणून मागे ३ मिमी सनबोर्ड (प्लास्टिक फोमचा हलका, ताठ बोर्ड).

पट्टी परत बसवताना कोपरा सपाट टेबलावर दाबून स्क्रू आळीपाळीने आवळले. एकच आधी घट्ट केला की सांधा उघडा पडतो.