डिजिटल लेआउटसाठी टर्नआउट घेताना या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचं इंजिन टर्नआउटवर, म्हणजे एका रुळाचे दोन मार्ग होतात त्या सांध्यावर, आलं की अडखळतं, नाहीतर अख्खा लेआउटच (रुळांची सगळी मांडणी) बंद पडतो आणि खापर डिकोडरवर (इंजिनातल्या, डिजिटल आज्ञा वाचणाऱ्या सर्किटवर) फुटतं. बहुतेक वेळा डिकोडरचा काही संबंध नसतो. डीसीसीमध्ये (रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीत) गाडी उभी असली तरी रुळांत पूर्ण व्होल्टेज खेळत असतं. साध्या डीसी कंट्रोलरवर निमिषभराचं शॉर्ट झालं तर इंजिन जरा दचकून पुढे जायचं. डीसीसीचा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) तेवढ्यात ट्रिप होतो आणि त्याच्यावरच्या सगळ्या गाड्या थांबतात. म्हणून खोक्यावर ‘डीसीसी फ्रेंडली’ छापलंय का, हे दुय्यम. टर्नआउटच्या कुठल्या तुकड्याला वीज कुठून मिळते, हे आधी विचारा.

फ्रॉगची गफलत

फ्रॉग म्हणजे टर्नआउटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. प्लास्टिकच्या फ्रॉगला वायरिंग लागत नाही म्हणून तो सोपा वाटतो. सगळ्या चाकांतून वीज घेणाऱ्या लांब डिझेल इंजिनाला तो चालतोही. पण चार चाकांचं छोटं शंटर (यार्डात डबे हलवणारं इंजिन) हळू चालवलं की त्या निर्जीव पट्टीवर ते हमखास थांबतं. यार्डात शंटिंग करायचं असेल तर धातूचाच फ्रॉग घ्या.

प्लास्टिकच्या फ्रॉगचं आणखी एक दुखणं आहे. फ्रॉगच्या टोकाशी विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ अगदी जवळ येतात आणि रुंद चाक दोन्हींना एकदम टेकतं. क्षणभर ठिणगी उडते, बूस्टर बंद. त्या जागी पारदर्शक नेलपॉलिशचा थर दिला की काम भागतं, पण तो झिजतो आणि पुन्हा लावावा लागतो.

धातूच्या फ्रॉगचा ध्रुव मात्र दिशेप्रमाणे बदलावा लागतो. पेको कंपनीच्या इलेक्ट्रोफ्रॉगसारख्या प्रकारात ही वीज टर्नआउटच्या हलणाऱ्या पात्यांमधून येते, आणि फ्रॉगपासून पुढे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर (वीज न जाऊ देणारे जोड) लावावेच लागतात. टर्नआउट एका बाजूला वळवताक्षणी, गाडी नसतानाही बूस्टर उडत असेल, तर आधी तिथलाच जॉइनर तपासा. एखादा ठरावीक डबा जातानाच उडत असेल तर कारण वेगळं असतं. अशा टर्नआउटमध्ये उघडं पातं शेजारच्या बाहेरच्या रुळाच्या विरुद्ध ध्रुवाचं असतं, आणि चाकाची आतली बाजू त्याला घासते. त्या डब्याच्या चाकांमधलं अंतर गेजने मोजा. कायमचा इलाज म्हणजे पाती फ्रॉगपासून तोडायची, प्रत्येक पातं आपापल्या बाहेरच्या रुळाला जोडायचं आणि फ्रॉगला स्विचमधून वेगळी वायर द्यायची. हे टेबलावर अर्ध्या तासाचं काम, पण गिट्टी चिकटवल्यावर डोकेदुखी. पेकोच्याच युनिफ्रॉगमध्ये फ्रॉगचा धातूचा तुकडा मुळातच वेगळा ठेवलेला असतो आणि वायर नंतर जोडता येते. त्यामुळे अजून ठरत नसेल तर मी तोच सुचवेन.

मोटर आणि डिकोडरची जोडी

टर्नआउट वळवणाऱ्या मोटरचे प्रकार वेगवेगळे. सॉलेनॉइडला (विजेने ओढणाऱ्या कॉइलला) एकच जोरदार झटका लागतो. वीज चालू राहिली तर कॉइल जळते. टॉर्टॉइजसारखी स्टॉल मोटर उलट थोड्याशा करंटवर सतत दाबून धरते, आणि सर्व्होला तर वेगळाच सिग्नल लागतो. म्हणून अ‍ॅक्सेसरी डिकोडर (टर्नआउटची मोटर चालवणारा) मोटरच्या प्रकाराप्रमाणे घ्या. ‘सगळ्यांना चालतो’ असं कोणी म्हटलं तर सेटिंग कसं बदलायचं ते विचारून घ्या. पेकोच्या टर्नआउटवर स्टॉल मोटर बसवताना आतली स्प्रिंग काढून टाका, नाहीतर पातं अर्ध्यात अडकतं.

आता खरा सापळा. अ‍ॅक्सेसरी डिकोडर रुळांच्याच वायरवर चालवू नका. धातूच्या फ्रॉगचा टर्नआउट चुकीच्या बाजूला असताना गाडी त्यात घुसली की शॉर्ट होतं आणि बूस्टर बंद पडतो. मग टर्नआउट वळवणाऱ्या डिकोडरलाच वीज नाही! इंजिन हाताने उचलल्याशिवाय सुटका नाही. अ‍ॅक्सेसरीसाठी वेगळी वायर आणि वेगळा ब्रेकर ठेवा.

मापाबद्दल थोडक्यात. जागा वाचवायला सगळीकडे ४ नंबरचे टर्नआउट (नंबर जितका मोठा, तितकं वळण सौम्य) लावण्याचा मोह होतो. यार्डात ते ठीक. मुख्य मार्गावर लांब प्रवासी डबे धावणार असतील तर ६ नंबरपासून पुढे बघा. शिवाय कोड १०० आणि कोड ७५ रुळांची उंची वेगळी असल्यामुळे दोन्ही जोडायला खास जॉइनर लागतात.

डझनभर टर्नआउट मागवण्याआधी एकच आणा आणि सर्वांत छोटं इंजिन सर्वांत कमी वेगात त्यावरून न्या. बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही स्थितींत फ्रॉग कुठल्या रुळाशी जोडला जातोय ते बघा. बसवल्यावर टर्नआउटच्या पलीकडच्या रुळांना स्वतंत्र फीडर (वीज आणणारी वायर) द्या, पात्यांच्या टेकण्यावर विसंबू नका. शेवटी त्या रुळांवर नाणं आडवं ठेवा. बूस्टर लगेच ट्रिप झाला तर ठीक. नाही झाला, तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड ढिला आहे, आणि तो सापडेपर्यंत गाडी चालवू नका.