उलटा टोमॅटो लावताय? या चुका टाळा

नाशिकजवळच्या गिरणारे, पिंपळगावच्या शिवारात टोमॅटो उभा वाढतो, बांबू-तारेवर सुतळीने बांधलेला. आपल्या गॅलरीत बांबू रोवायला जागा नसते, म्हणून बादलीच्या बुडाला भोक पाडून रोप खाली सोडायची युक्ती कामाची आहे. पण तिच्यातली बहुतेक रोपं पाण्यापायी जातात.

टांगलेल्या बादलीला चहूबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे ती जमिनीवरच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. त्यात आपली काळी माती भरली की संपलंच. ती सुकली की आकसते, बादलीच्या कडेपासून सुटते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून गळून जातं. खाली थारोळं दिसतं म्हणून आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं. मुळं मात्र कोरडीच. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या, वरून वाळक्या पानांचा थर द्या आणि पाणी दोन टप्प्यांत, सावकाश घाला. बोट दोन पेरं आत घालून ओल बघा, अंदाजावर राहू नका.

फळाचं बूड काळं, चामड्यासारखं झालं की लोक औषध फवारतात. हा रोग नाहीच. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जातं. एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब असं झालं की ते पोचत नाही. अंड्याची टरफलं कुजायला फार वेळ लागतो, त्यांच्या भरवशावर राहू नका. पाणी नियमित करा, पुढची फळं सुधारतात.

शेंडा वर वळला म्हणून तो खाली बांधून ठेवू नका. खोड उजेडाकडे वळणारच, पुढे फळांच्या वजनाने ते खाली येतं. तुटतं ते भोकाच्या धारदार कडेवर. भोक साधारण ५ सेंमीचं ठेवा आणि खोडाभोवती स्पंजची चकती बसवा.

वाणाची निवडही चुकते. शेतकऱ्यांच्या ट्रेमधली मोठ्या फळाची रोपं इथे नकोत, चेरी टोमॅटोच लावा. आणि १५ लिटरची बादली ओली झाल्यावर पंधरा किलोच्या आसपास भरते, तेव्हा ती कपड्यांच्या दोरीला किंवा गंजक्या ग्रिलला टांगू नका. स्लॅबमध्ये पक्का हूक मारून घ्या, खालून माणसं ये-जा करतात.

नाशकात लावायची वेळ ऑक्टोबर. पावसाळ्यात करपा हा बुरशीचा रोग पानं खातो, आणि एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात. तेव्हा खत वाढवून काही होत नाही, दुपारची सावली द्या. पानं बोकडली, म्हणजे आकसून वळली असतील, तर पानाखाली पांढरी माशी बघा, तीच हा रोग पसरवते. रोप फारच आखडलं असेल तर ते काढून टाका, नाहीतर शेजारची बादलीही जाईल.