भूतानमध्ये खासगी गाइडसोबत फिरताना काय अपेक्षित ठेवावं

भूतानच्या सहलीतली पहिली चूक गाडी ठरवताना होते. चौघांच्या कुटुंबासाठी छोटी गाडी सांगितली जाते, आणि सहलीच्या सकाळी चालकाशेजारी गाइड बसला की मागे तीनच जागा उरतात. भूतानमध्ये चालक वेगळा, गाइड वेगळा, आणि दोघेही शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्यासोबत असतात. म्हणून हिशेब ‘आपली माणसं अधिक दोन’ असा धरा. सामानासकट चौघांना इनोव्हासारखी मोठी गाडी लागते. सहा जण असाल तर छोटी बस सांगा.

ठरवताना विचारायचं ते

पॅकेजच्या एकरकमी आकड्यावर समाधान मानू नका. त्यात शाश्वत विकास शुल्क धरलं आहे का, हे आधी विचारा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे एसडीएफ म्हणतात. भारतीयांसाठी ते दर डोई दर रात्री १,२०० रुपये आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं पडतं, ६ वर्षांखालच्यांना माफ असतं. दोन मोठी माणसं आणि १० वर्षांचं एक मूल पाच रात्री राहणार असेल, तर नुसतं हे शुल्कच १५,००० होतं. हॉटेल, गाडी, गाइड आणि मठांची प्रवेश तिकिटं यांचा त्यात काही संबंध नाही. तिकिटं कोण भरणार हेही लेखी घ्या, कारण स्वस्त पॅकेजमध्ये नेमकी तीच वगळलेली असतात.

नंतर गाइडबद्दल विचारा. तो परवानाधारक आहे का, हिंदी बोलतो का, आणि सगळे दिवस तोच राहणार की मध्येच बदलणार? थिंफू-पारोपलीकडे, म्हणजे पुनाखा किंवा त्याही पुढे जायचं असेल, तर गाइड आहे असं धरूनच बेत आखा. तुमच्या प्रवेश परवान्यात तो भाग नोंदवला आहे ना, हेही पाहून घ्या. वाटेत तपासणी नाके असतात.

कागदपत्रांत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आधार कार्ड चालत नाही. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १८ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रत आधीच काढून ठेवा. सीमेवर पोचल्यावर त्यावर काही उपाय नसतो.

पहिली संध्याकाळ

बरेच जण बागडोगऱ्याला विमानाने उतरतात किंवा रेल्वेने हासीमाऱ्याला येतात. तिथून भारताच्या हद्दीतलं जयगाव, आणि सीमेवरची कमान ओलांडली की भूतानचं फुन्शोलिंग. गाइड तुम्हाला बहुधा इथेच भेटतो. पुरुष असेल तर अंगात घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा, कमरेला बांधलेला झगा. बाई असेल तर पायघोळ किरा. हा पर्यटकांसाठी केलेला वेश नाही, कामावरचा पोशाखच तो.

नमस्काराला ‘कुझुझांगपो ला’ म्हणायचं आणि आभाराला ‘कादिनछे ला’. शेवटचा ‘ला’ आपल्या ‘जी’सारखा. आडनाव विचारू नका. राजघराणं सोडलं तर बहुतेकांना आडनाव नसतंच, आणि सोनम किंवा कर्मा हे नाव पुरुषाचंही असू शकतं, बाईचंही.

घड्याळ अर्धा तास पुढे करा. ‘सकाळी आठ’ म्हणजे भूतानचे आठ, आणि पहिल्याच दिवशी निम्मी कुटुंबं इथे चुकतात.

त्याच संध्याकाळी गाइडला तीन गोष्टी सांगून टाका. कोणाला गुडघेदुखी, रक्तदाब, दमा किंवा गाडी लागण्याचा त्रास आहे. कोण काय खात नाही. आणि खरेदीच्या दुकानांना थांबायचं आहे की नाही. भूतानी माणूस पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायला फार अवघडतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्याला सगळं ठीक वाटतं, आणि तो गप्प राहिला की तुम्हाला. मग तिसऱ्या दिवशी चिडचिड होते. आठ ठिकाणांची यादी पुढे केल्यावर तो नुसतं हसून ‘बघू या’ म्हणाला, तर ते होण्यासारखं नाही असं समजा.

दिवस कसा जातो

नकाशावरचे किलोमीटर इथे फसवतात. थिंफू ते पुनाखा सत्तरेक किलोमीटर, पण अडीच ते तीन तास. सगळा रस्ता वळणांचा, आणि मध्ये ३,१०० मीटरवर १०८ स्तूपांची दोचुला खिंड. फुन्शोलिंग जेमतेम ३०० मीटरवर आहे, थिंफू २,३०० मीटरच्या वर. म्हणजे चार-पाच तासांत तुम्ही दोन हजार मीटर चढता. त्या रात्री डोकं जड होणं स्वाभाविक आहे. भरपूर पाणी प्या, मद्य टाळा, लवकर झोपा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. घाटात मळमळू लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. वाटेत स्वच्छतागृहं मोजकी असतात, म्हणून गाइड थांबवेल तिथे सगळ्यांनी उतरून घ्यावं.

ठिकाणांचा क्रम गाइडवर सोडा. थिंफूचा किल्लेवजा ताशिछो झोंग हे सरकारी कचेऱ्यांचं ठिकाण आहे, म्हणून कामाच्या दिवशी तो संध्याकाळी कार्यालयं सुटल्यावरच पाहता येतो. ‘सकाळीच उरकून टाकू’ असा हट्ट धरलात तर फाटकावरून परत फिराल.

झोंग आणि ल्हाखांगमध्ये

झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी एकाच भिंतीआड. ल्हाखांग म्हणजे मंदिर. दोन्हीकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पॅण्ट किंवा सलवार हवी. टोपी आणि गॉगल काढायचा, छत्री मिटायची. झोंगच्या दाराशी पुरुष गाइड खांद्यावरून एक लांब उपरणं घेईल, त्याला कबने म्हणतात. ते घेतल्याशिवाय त्याला आत जाता येत नाही, म्हणून त्या मिनिटभरात त्याला घाई करू नका.

ल्हाखांगमध्ये शिरण्याआधी चपला-बूट काढायचे. उंबरठे चांगले वीतभर उंच असतात. ओलांडायचे, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवा हात वास्तूकडे ठेवून. प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. अंगणात फोटो चालतात, गाभाऱ्यात अजिबात नाहीत. मूर्तीकडे बोट दाखवायचं नाही, पूर्ण तळवा वर करून दाखवायचं. ड्रोन परवानगीशिवाय बॅगेतच राहू द्या.

भिक्खू तळहातावर पाणी देतील. काय करायचं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही: ओंजळीत घ्यायचं, घोटभर प्यायचं, उरलेलं डोक्यावरून फिरवायचं. दक्षिणेसाठी १० आणि २० च्या सुट्या नोटा खिशात असू द्या.

पुनाख्याजवळच्या चिमी ल्हाखांगबद्दल मात्र आधी कल्पना असावी. ते द्रुकपा कुनले या अवलिया संताचं, अपत्यप्राप्तीसाठी प्रसिद्ध असलेलं मंदिर. भोवतालच्या गावांत घरांच्या भिंतींवर लिंगाची मोठमोठी, रंगीत चित्रं आहेत, आणि गाइड त्यामागची कथा अगदी सरळ सांगतो. मुलं सोबत असतील आणि तुम्हाला संकोच वाटत असेल तर गाडीतच त्याला सांगा. चित्रं तर दिसणारच!

तक्त्सांगचा दिवस

पारोच्या कड्यावरचा हा मठ १६९२ मध्ये बांधला गेला, १९९८ मध्ये जळाला आणि पुन्हा उभा राहिला. गाडी साधारण २,६०० मीटरपर्यंत जाते, मठ ३,१२० मीटरवर आहे. चढायला दोन ते तीन तास, आणि जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा. सिंहगड नेमाने चढणाऱ्यालाही इथे दम लागतो, कारण हवा विरळ. म्हणून हा दिवस सहलीच्या शेवटाकडे ठेवायचा, शरीर उंचीला सरावल्यावर. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवलेला दिसला तर बदलून घ्या.

सकाळी आठच्या आत चालायला लागा. उशीर केला तर वर पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी होते आणि दार बंद मिळतं. घोडा फक्त अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत नेतो. पुढचं चालायचं, आणि उतरताना घोडा नाहीच. कॅफेटेरियानंतर शेकडो पायऱ्या आधी खाली धबधब्यापर्यंत, मग पुन्हा वर मठाकडे. परतताना त्याच उलट चढायच्या, आणि गुडघे बोलतात ते तिथे. ज्यांना झेपणार नाही त्यांनी कॅफेटेरियात चहा घेत बसावं. तिथूनही मठ छान दिसतो. मठाच्या दाराशी फोन, कॅमेरा, पिशव्या लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात.

ताटात काय येतं

इथे मिरची ही भाजी आहे. ‘एमा दात्शी’ म्हणजे मिरच्या आणि चीज, बस्स. कोल्हापूरकरांनीही पहिला घास जपूनच घ्यावा. शाकाहाऱ्यांनी ‘केवा दात्शी’ (बटाटा) किंवा ‘शामू दात्शी’ (अळंबी) मागावी. ‘शाकम’ शब्द ऐकला तर ते वाळवलेलं गोमांस, ‘सिकम’ म्हणजे डुकराचं. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘मांस, मासे, अंडं नको’ असं नावं घेऊन सांगा. सुजा हा लोणी-मिठाचा चहा असतो. चहाच्या अपेक्षेने प्यायलात तर फसाल, सूप समजून प्या.

कोणाच्या घरी जेवायला नेलं तर आग्रह होणार. नको असेल तर तोंडावर हात धरून ‘मेशु मेशु’ म्हणायचं. पहिला नकार शिष्टाचाराचा समजतात आणि पुन्हा वाढतात, हे आपल्याला नवीन नाही. गाइडने डोमा, म्हणजे विडा, पुढे केला तर जपून. त्यातली सुपारी ओली आणि कच्ची असते, अंगाला घाम फुटतो, डोकं गरगरतं.

बक्षीस आणि निरोप

बक्षीस सक्तीचं नसतं, पण अपेक्षित असतं. शेवटच्या संध्याकाळी दोन वेगळी पाकिटं करा, गाइडचं थोडं जड, आणि प्रत्येकाच्या हाती स्वतः द्या, दोन्ही हातांनी. चालकाचं पाकीट गाइडकडे सोपवू नका. घाटातली सगळी वळणं त्याने घेतलेली असतात आणि आभाराच्या वेळी नेमका तो गाडी धूत असतो.

भूतानचा न्गुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचा आहे आणि तिथे भारतीय नोटाही चालतात. उलटं मात्र भारतात सहसा होत नाही. सुटे म्हणून हातात आलेले न्गुल्ट्रम फुन्शोलिंगच्या कमानीआधीच खर्चून टाका, आणि कमान ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे.