दंडाची पावती फेकू नका : वनहक्काच्या दाव्यासाठी इंग्रजी अमलातले कागद कसे शोधायचे

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरचे कितीतरी वनहक्क दावे 'पुरावा अपुरा' एवढ्या शेऱ्यावर परत येतात. पुरावा नसतो असं नाही. जंगल ज्यांनी काढून घेतलं त्यांनीच तो लिहून ठेवलाय. फक्त कुठल्या दप्तरात, कुठल्या नावाखाली, हे दावेदाराला माहीत नसतं.

किती मागे जायचं ते आधी ठरवा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवायचा असतो, त्यासाठी ब्रिटिश दप्तर उपसायची गरज नाही. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. हिशेब थेट १९३० वर जातो. चराई, डिंक, मोह, कंद, देवस्थानं अशा सामूहिक हक्कांच्या दाव्यालाही जुन्या कागदाने वजन येतं. गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे हे सगळं नियमांतच पुरावा म्हणून मोजलेलं आहे. एकाच कागदावर विसंबू नका, वेगवेगळ्या प्रकारचे निदान दोन जोडा.

आता जंगल गेलं कसं ते समजून घ्या, कारण त्यावरून कागद कुठला मागायचा ते कळतं. १८१८ ला पेशवाई बुडाली, पण डोंगरातल्या माणसाच्या हातून जंगल निसटलं ते १८७८ च्या वनकायद्याने. अमुक जंगल राखीव करायचं अशी अधिसूचना निघायची. मग फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसर गावोगाव जाहीरनामा लावायचा : निदान तीन महिन्यांची मुदत, तेवढ्यात येऊन आपला हक्क सांगा. जो सांगणार नाही त्याचा हक्क संपला. राबासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर जाळायला, फांद्या तोडणारा वारली किंवा कोकणा तो कागद वाचून साहेबापुढे वेळेत उभा राहील, असं धरूनच कायदा चालला. १९२७ च्या कायद्यातही हीच रीत कायम राहिली. जे थोडे लोक गेले, त्यांची चराई, सुकं सरपण, राब मान्य झालं तरी बऱ्याचदा 'हक्क' म्हणून नाही, 'सवलत' म्हणून. म्हणून सेटलमेंटची फाईल हाती आली की 'हक्क' शब्दावर थांबू नका, सवलतींची यादी शोधा. सवलत दिली याचा अर्थ वापर आधीपासून होता.

शोधाची सुरुवात तहसीलमधून करा. गाव नमुना १-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही, जुने सातबारा आणि फेरफार, यांच्या नकला अर्ज देऊन मिळतात. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. मग जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष. इथे एक गोष्ट बहुतेकांना नडते : नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये, त्याआधीचे कागद अहमदनगर आणि खानदेशच्या दप्तरात जातात. पेठ १८७८ पर्यंत संस्थान होतं आणि सुरगाणा १९४८ पर्यंत, त्यामुळे तिथे संस्थानी कागद वेगळे मागावे लागतात. जुने कागद मोडीत असले तर जाणकाराकडून लिप्यंतर करून मूळ प्रतीसोबतच जोडा.

१८८३ चं नाशिक गॅझेटियर इंटरनेटवर मोफत मिळतं, पण शोधताना आजचं नाव टाकून काही सापडत नाही. पेठ तिथे 'पेइंट' आहे. एकाच गावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा. आणि वाचताना मजकूर आणि मत वेगळं काढा. साहेबाने कोळी, भिल्लांना आळशी, लुटारू ठरवलेलं असतं, ते त्याच्यापाशी राहू द्या. कुठल्या डोंगरात कोण राहतं, काय पिकवतं, बाजाराला काय आणतं, एवढंच तुमच्या कामाचं.

गडचिरोलीचा दावा पुढ्यात ठेवून तसाच उतरवू नका. त्यात निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सरपण-चराईसारख्या वहिवाटींची नोंद, असतं. ते मुख्यतः विदर्भातल्या गावांचं. आपण मुंबई इलाख्यातले, इथे ते शोधण्यात महिने जातील.

आता घरातली पत्र्याची पेटी उघडा. एकसाली प्लॉटची (वर्षापुरत्या कसायला दिलेल्या वनजमिनीची) पावती, वनखात्याने केलेल्या दंडाची पावती, अतिक्रमणाची नोटीस : हे कागद लोक लाजेने किंवा भीतीने जाळतात. खरं तर दंडाच्या पावतीवर नाव, तारीख आणि पुष्कळदा कंपार्टमेंट नंबरही (जंगलाच्या तुकड्याचा वनखात्याचा क्रमांक) असतो. त्या वर्षी तो माणूस त्या जागी होता हे खुद्द वनखात्यानेच लिहून दिलेलं. पावतीला लॅमिनेशन करू नका, शाई उडते आणि शिक्काही वाचता येत नाही. साधी प्लास्टिकची पिशवी पुरे.

नकाशावर घोळ होतो तो मापाचा. गावनकाशा साधारणपणे १ मैलाला ८ इंच, वनखात्याचा बहुधा १ मैलाला ४ इंच. एकावर एक ठेवले तर हद्द जुळणारच नाही, आधी एका मापावर आणा. जुनं क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं : ४० गुंठ्यांचा एकर, सुमारे २.४७ एकरांचा हेक्टर. जीपीएसने फिरताना पहिला बिंदू तीन गावांच्या शिवा मिळतात त्या दगडावर घ्या, मग वाघदेव, मसणवट, पाणवठा, जुनी राबाची जागा. वाघदेवाच्या लाकडी फळीवरचे चंद्र-सूर्य दिसतील असा फोटो काढा, आणि दुसरा फोटो मागचा डोंगर ओळखू येईल एवढ्या लांबून.

म्हाताऱ्यांचा जबाब घेताना 'आजोबा, कुठल्या सालापासून?' असं विचारलं की उत्तर गडबडतं. 'बहात्तरच्या दुष्काळात गुरं कुठं नेली?', 'सुरगाण्याचं राज्य गेलं तेव्हा राब कुठल्या बाजूचा तोडायचात?' असं विचारा. जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा, नाहीतर तो पुरावा म्हणून धरला जात नाही.

शेवटी ठराव. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची स्वतःची ग्रामसभा चालते. ग्रुप ग्रामपंचायतीच्या एकत्र सभेत उरकलेला ठराव अडकतो. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. वनहक्क समिती १० ते १५ जणांची. प्रांत कार्यालयात दावा देताना प्रत्येक पानावर क्रमांक घाला, पोच घ्या, एक संच पाड्यावर ठेवा. नामंजुरी तोंडी ऐकून परतू नका, कारणासह लेखी मागा, कारण अपिलाचे ६० दिवस निर्णयापासून मोजले जातात.