आपली माहिती आपल्या ताब्यात कशी ठेवावी: सोलापूरच्या यंत्रमागधारकांसाठी

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या चादरीच्या कारखान्यात आज किती माहिती संगणकात साठलेली असते, याचा अंदाज मालकालाही सहसा नसतो. पार्ट्यांची उधारी, सुताच्या खरेदीची बिले, कामगारांची हजेरी आणि मजुरी, जकार्डची (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइने असे सारे तिथे असते. ही माहिती आपली आहे हे कोणीही मान्य करेल; परंतु ती एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात घालता येत नसेल, तर त्या मालकीला काही अर्थ उरत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क अचानक दुप्पट झाले आणि आम्ही दुसरे सॉफ्टवेअर घेण्याचे ठरवले. तेव्हा कळले की जुन्यातून बाहेर निघते ते केवळ छापील बिलाचे चित्र. खातेवहीचे आकडे निघतच नाहीत. तीन वर्षांच्या नोंदी दोन मुनिमांनी पाच आठवडे बसून हाताने पुन्हा भरल्या आणि काही पार्ट्यांच्या बाकीतील तफावत आजतागायत मिटलेली नाही. हे टाळता आले असते, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी चाचणीची प्रत मागावी आणि तिच्यात दहा-बारा खरी बिले भरावीत. नंतर ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला तक्ता) किंवा एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) या स्वरूपात बाहेर काढून लिबरऑफिससारख्या दुसऱ्याच कार्यक्रमात उघडून पाहावीत. ही खुली मानके आहेत, म्हणजे त्यांची रचना जाहीर आहे आणि ती वापरण्यासाठी कोणाची परवानगी किंवा स्वामित्वशुल्क लागत नाही. तारखा, जीएसटी क्रमांक आणि मुख्य म्हणजे बिलवार येणे नीट उतरले आहे का, ते तपासावे. कारण अनेकदा पार्टीची एकूण बाकी तेवढी निघते आणि ती कोणत्या बिलांची आहे हे मागेच राहते. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली असता मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसली, तर लगेच घाबरू नये. डेटा आयात करण्याच्या पर्यायातून ती फाइल घेऊन यूटीएफ-८ (सर्व लिपींची अक्षरे साठवण्याची पद्धत) निवडले की नावे बहुधा जागेवर येतात. वर्गणी संपल्यानंतर किती दिवस माहिती काढून घेता येईल आणि कोणत्या स्वरूपात, हे विक्रेत्याकडून कोटेशनवरच लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

लिपीचा प्रश्न सोलापुरात इतर ठिकाणांपेक्षा अधिक जिव्हाळ्याचा आहे. इथे एकाच हजेरीपटावर मराठी, तेलुगू आणि कन्नड नावे शेजारी शेजारी असतात. छपाईच्या मांडणीसाठी (डीटीपी) वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवून तयार झालेला असतो, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘सोलापूर’ हा शब्दसुद्धा निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे आणि तो जगभर एकच आहे. नवा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुना मजकूर परिवर्तकातून बदलून घ्यावा आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका बहुतेक तिथेच होतात. कायम जपायचे करारनामे पीडीएफ/ए या स्वरूपात ठेवावेत; यात फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट असतो आणि हे स्वरूप २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

जकार्डच्या डिझाइनबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. पूर्वी नक्षीनुसार भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पंचकार्डांचा हार उलगडला की कोणत्या ओळीत कोणता धागा उचलला जाणार हे डोळ्यांनी वाचता येत असे आणि सुयांची रचना सारखी असलेल्या दुसऱ्या जकार्डवर तोच हार चढवता येत असे. इलेक्ट्रॉनिक जकार्डमुळे काम वेगवान झाले, परंतु तयार फाइल बहुधा त्या यंत्राच्या निर्मात्याच्या स्वतःच्या स्वरूपात असते आणि यंत्र बदलले की ती निरुपयोगी ठरू शकते. म्हणून डिझायनरला पैसे चुकते करताना यंत्राच्या फाइलबरोबर मूळ ग्राफही बीएमपी किंवा टिफ या चित्राच्या स्वरूपात मागून घ्यावा, ज्यात एक ठिपका म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याचा एक छेद असतो. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ताण्याच्या (उभ्या) धाग्यांची एकूण संख्या, इंचातील पिके (आडवे धागे), रंगांचा क्रम आणि विणीचा प्रकार लिहून ठेवावा. एवढे असले की कोणताही जाणता डिझायनर नव्या यंत्रासाठी फाइल पुन्हा बनवू शकतो.

एका कंपनीची वस्तू दुसरीच्या वस्तूबरोबर विनातक्रार चालणे याला इंटरऑपरेबिलिटी म्हणतात आणि ती दरवेळी आपोआप येत नाही. बऱ्याचदा नियामकाला ती घडवून आणावी लागते. नव्या पेठेतील दुकानात आज एकाच क्यूआर कोडवर कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने पैसे देता येतात, कारण रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये एकाच कंपनीपुरते चालणारे नवे खासगी क्यूआर कोड काढण्यास मनाई केली आणि आधीचे कोड ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांसाठी चालतील असे करण्यास सांगितले. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोयही २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली ती नियमनामुळेच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला असा नियम अजून नाही आणि तो असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

कायद्याचा आधार कुठवर पोहोचतो हेही नीट समजून घ्यावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. आपली माहिती कशासाठी वापरली जाते हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला सांगण्याचा हक्क या कायद्याने मिळतो, पण तो व्यक्तीला मिळतो, कारखान्याला नव्हे. युरोपीय कायद्याप्रमाणे आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता. अंतिम कायद्यात तो राहिला नाही. त्यामुळे कारखान्याच्या माहितीसाठी लेखी करार हाच मुख्य आधार आहे. उलट, कामगारांची आधार क्रमांकासह माहिती संगणकात ठेवणारा कारखानदार स्वतःच या कायद्याखाली जबाबदार ठरतो. गरजेपेक्षा अधिक माहिती घेऊ नये, हजेरीच्या यादीची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नयेत आणि कामगाराने मागितल्यास त्याची नोंद त्याला दाखवावी.

सरकारी कार्यालयाकडूनही खुल्या स्वरूपाचा आग्रह धरावा. शासकीय संगणक यंत्रणांसाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१० मध्येच जाहीर केले आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(९) नुसार माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते. म्हणून महापालिकेकडे करआकारणीची किंवा पाणीपुरवठ्याची आकडेवारी मागताना अर्जातच ‘स्प्रेडशीट स्वरूपात, स्कॅन प्रत नको’ असे स्पष्ट लिहावे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. नियमांचे मसुदे हरकतींसाठी खुले होतात तेव्हा संघटनेच्या नावाने पान-दीड पानाचे निवेदन पाठवावे आणि त्यात तत्त्वचर्चेपेक्षा स्वतःच्या कारखान्यातील अडचण तारीखवार मांडावी.

शेवटचे काम वर्षातून एकदा करायचे. दिवाळीत वह्यापूजन होते त्याच दिवशी साऱ्या नोंदी खुल्या स्वरूपात बाहेर काढून दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवाव्यात, एक ड्राइव्ह घरी न्यावा आणि ज्या संगणकावर ते सॉफ्टवेअर नाही त्यावर त्यातील कोणतीही पाच खाती उघडून छापील उताऱ्याशी ताडून पाहावीत. फाइल कुठे आहे आणि कशाने उघडते, एवढे पूजेच्या वहीच्या पहिल्याच पानावर तारखेसह लिहून ठेवावे.